उलट्या चमच्याचा फोटो

१

शुक्रवारी सकाळी साडेदहा वाजता माझी ताई विकत घेतलेली गाडी न्यायला गोदामावर पोहोचली, आणि तिथे गोदामच नव्हतं. रस्ता बरोबर होता, नंबरही बरोबर होता. पण त्या नंबरावर लाकडाची वखार होती आणि वखारवाला म्हणाला, "बाई, या आठवड्यात गाडी मागायला आलेल्या तुम्ही तिसऱ्या."

तिथून ती तडक माझ्या दुकानात आली. दुकान म्हणजे काय, एक शटर, एक जुनं जड शिलाई मशीन, फोमच्या लाद्या आणि रेक्झिनचे रोल. बावीस वर्षं मी गाड्यांची सीट कव्हरं शिवते. सगळे मला रेक्झिनवाली म्हणतात. तोंडावर तरी एवढंच म्हणतात, पाठीमागचं ऐकायला माझ्याकडे वेळ नाही.

ताई स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मी मूर्ख आहे गं. हे म्हणत होते तेच खरं."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. 'हे' म्हणजे आमचे भावजी. ताईनं बावन्नाव्या वर्षी गाडी शिकायला घेतली तेव्हा म्हणाले होते, "या वयात कशाला नसती उठाठेव?" ती पहिल्या फटक्यात परीक्षा पास झाली, तरी ह्यांचं तोंड वाकडंच. सव्वीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून राबल्यावर तिला आता मनासारखी नोकरी मिळाली होती. अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या घरी जाऊन त्यांची शुश्रूषा करायची. एकच अट होती, स्वतःची गाडी हवी. सोमवारी रुजू व्हायचं होतं.

"मी त्या मॅडमना फोन करून नाही म्हणून सांगते," ताई म्हणाली आणि पर्समधून फोन काढला.

"खबरदार! ठेव तो फोन. आज शुक्रवार आहे, सोमवार उजाडायला वेळ आहे. आधी मला त्या गाडीचे फोटो दाखव."

"बघून काय करणार आहेस आता?"

"ते मी ठरवीन. दाखव म्हटलं ना!"

पहिला फोटो समोरून होता, दुसरा उजवीकडून, तिसरा मागून, पाठीमागे तेलाचे डाग पडलेली भिंत. नंबरप्लेटवर फोटोतच पांढरी पट्टी ओढलेली. चौथा मीटरचा, पाचवा बॉनेट उघडून इंजिनाचा आणि सहावा पुढच्या सीटांचा.

सहाव्या फोटोवर मी थांबले. दोन बोटांनी तो मोठा केला. राखाडी सीट, त्यावर बुटक्या माणसाला लागते तशी जाड निळी उशी. सीटच्या दाराकडच्या कडेला शिलाई होती, आणि ती काळ्या दोऱ्याची नव्हती, मरून दोऱ्याची होती. महिन्यापूर्वी ऐन घाईत माझा काळा दोरा संपला होता. गिऱ्हाईक डोक्यावर उभं, म्हणून मी मुकाट्यानं मरून ओवला होता. कुणाच्या नजरेस पडणार नाही अशी ती जागा. पण केलेली लबाडी करणाऱ्याच्या चांगली लक्षात राहते.

"ताई," मी म्हटलं, "ही गाडी खरी आहे. ही सीट मी शिवलीय."

२

"मग गाडी आहे कुठे?" ताईनं विचारलं.

"ते कळेल. आधी तू पहिल्यापासून सांग. लाज वाटली तरी काही गाळू नकोस."

तिनं सांगितलं. मंगळवारी माझ्या भाचीनं तिला ऑनलाइन जाहिरात दाखवली. बाजारात जो भाव चालतो त्याच्या दोन तृतीयांशात गाडी. विकणारा म्हणे जहाजावर नोकरीला, अचानक बोलावणं आलं, म्हणून गाडी गोदामात ठेवून गेलाय. साइटवर बोलू नका, माझ्या नंबरवर मेसेज करा, म्हणाला. फोन लावला तर उचलायचा नाही. जहाजावर आवाज येत नाही म्हणे.

"आणि तुला शंका आली नाही?"

"न यायला काय झालं?" ताई उसळली. सकाळपासून पहिल्यांदा तिच्या आवाजात जीव आला. "मी बाटलीवरचं नाव तीनदा वाचल्याशिवाय इंजेक्शन भरत नाही. मी त्याला लिहिलं, असे फोटो कुणीही कुठूनही उचलतं. गाडी खरंच तुमच्या ताब्यात असेल तर आत्ताच्या आत्ता डॅशबोर्डवर एक चमचा उलटा ठेवा आणि फोटो पाठवा."

"मग?"

"तो म्हणाला, माझा माणूस गोदामावर आहे, त्याला सांगतो. तासाभरात फोटो आला."

तिनं तोही दाखवला. बुधवारचा, सकाळी अकरा वीसचा. उघड्या दारातून काढलेला. डॅशबोर्डवर स्टीलचा चमचा उलटा ठेवलेला, त्याच्या दांड्याला बारीक भोक. एका कोपऱ्यातून पेन्सिलीचं टोक आत आलेलं. खाली सीटची कड आणि माझा मरून टाका. निळी उशी मात्र या फोटोत नव्हती.

"चमचा दिसला आणि मी डोळे मिटले बघ," ताई म्हणाली. "डावी बाजू दाखवा म्हटलं तर म्हणे तिकडे भिंत आहे, गाडी बाहेर काढली की पाठवतो. आणखी दोन गिऱ्हाइकं थांबलीत, घाई करा. बुधवारी दुपारी टोकन भरलं. गुरुवारी राहिलेले मागितले, मग गोदामातून सोडवायचे. चार वर्षांची पुंजी गेली गं माझी."

ती रडायला लागली. मी रडू दिलं. माझं डोकं दुसरीकडेच पळत होतं. जहाजावरचा माणूस चमचा घेऊन गाडीत शिरू शकत नाही. आणि गोदाम तर नव्हतंच.

"ताई, डोळे पूस. हा चोर कुठे लांब बसलेला नाही. परवा सकाळी अकरा वाजता तो याच शहरात होता आणि या गाडीच्या दारात उभा होता. चल, गाडीच्या मालकिणीकडे जाऊ."

३

मालकीण म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाई. चणीनं एवढ्याशा, उशी घेतल्याशिवाय त्यांना स्टिअरिंगच्या वरचं दिसत नाही. आम्ही गेलो तेव्हा खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडले होते.

"माझी गाडी? विकायला?" डॉक्टरीणबाई एवढ्या जोरात ओरडल्या की त्या गृहस्थांनी घाबरून तोंड मिटलं.

"आ करा!" त्यांच्यावर खेकसून बाई आमच्याकडे वळल्या. "अहो, डाव्या बाजूच्या मागच्या दाराला दुधाच्या टेम्पोनं ठोकलं. दार पार आत गेलं. सोमवारी दुपारी बारा वाजता मी ती गॅरेजमध्ये टाकली. विम्यातून दुरुस्ती चाललीय. उद्या मिळणार आहे."

मी आणि ताईनं एकमेकींकडे पाहिलं. डाव्या बाजूचा फोटो का येत नव्हता ते समजलं. तिकडे भिंत नव्हती, पोचा होता.

"आणि तुमची निळी उशी?"

"ती गाडीतच राहिली होती. संध्याकाळी पाच वाजता आठवण झाली, जाऊन घेऊन आले. तिच्यावाचून माझं चालत नाही, घरी जेवायच्या खुर्चीवरसुद्धा तीच लागते."

मी बोटांवर हिशेब केला. जाहिरातीतल्या फोटोत उशी आहे आणि मागची तेलकट भिंत गॅरेजचीच असणार, म्हणजे ते सोमवारी बारा ते पाचच्या मधले. चमच्याचा फोटो बुधवारी अकरा वीसचा. या दोन्ही वेळी त्या गाडीपाशी जो होता तोच आमचा जहाजावरचा पाहुणा.

डॉक्टरीणबाईंना ते पटलं, पण आवडलं नाही. "गॅरेजवाल्या उस्तादांना मी वीस वर्षं ओळखते. ते असलं करणार नाहीत."

"कुणी केलं ते मी अजून म्हटलेलं नाही. तुम्ही विमा कंपनीकडून तुमच्या क्लेमची फाइल मागवाल का? फोटोंसकट?"

"मागवते. माझीच फाइल आहे, देणार नाहीत तर जातील कुठे!"

"आणि गॅरेजमध्ये माणसं किती असतात?"

"तिघंच," त्या म्हणाल्या. "आणि तिघंही मला देवमाणसं वाटतात."

देवमाणसं म्हटलं की मला धडकीच भरते.

४

उस्तादांनी माझं ऐकून घेतलं आणि हातातला पाना टेबलावर आपटला. "रेक्झिनवाली, आजवर माझ्या गॅरेजमधून गाडीचा एक स्क्रू चोरीला गेला नाही. तू माझ्यावर आळ घेतेस?"

"आळ घ्यायचा असता तर पोलिसांना घेऊन आले असते. माझ्या बहिणीची नोकरी पणाला लागलीय. सरळ विचारते, सरळ सांगा. सोमवारी दुपारी होतात?"

"दिवसभर होतो."

"बुधवारी अकराला?"

"स्पेअर पार्टच्या दुकानात. दाराच्या मुठीच्या भावावरून बारापर्यंत वाद घातला. विचार हवं तर."

विचारलं. तिथल्या तिथे दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "बारा वाजेपर्यंत डोकं खाल्लं माझं, शेवटी मूठ फुकट देईन पण जा म्हटलं." उस्ताद सुटले.

पेंटर बोलायला तयारच. तोंडाला बांधलेलं फडकं खाली ओढून म्हणाला, "सोमवारी होतो. बुधवारी साडेदहा ते बारा फवारणीच्या खोलीत होतो, ह्या निळ्या गाडीला रंग मारत होतो. मावशी, एकदा फवारा सुरू केला की मधे थांबता येत नाही. थांबलं की पट्टा उमटतो."

मी त्या निळ्या गाडीभोवती फिरले. टपापासून खालपर्यंत एकसारखा रंग, कुठे डाग नाही की पट्टा नाही. ताईच्या फोनवर बुधवारी अकरा ते अकरा वीसच्या आत त्या भामट्याचे नऊ मेसेज होते. एका हातात फवारा, दोन्ही हातांत मोजे आणि वर नऊ मेसेज, हे ब्रह्मदेवाला जमायचं नाही. पेंटरही सुटला.

राहिल्या काउंटरवरच्या बाई. गोऱ्या, अबोल, कुणी मोठ्यानं बोललं तरी दचकणाऱ्या. बुधवारी अकरा वाजता काउंटरवर त्या एकट्याच होत्या, हे त्यांनीच सांगितलं. बाजूला त्यांचा डबा होता. डब्यावर चमचा होता. चमच्याच्या दांड्याला बारीक भोक होतं.

"हा चमचा कुणाचा?" ताईनं विचारलं.

"माझाच. माझा भाऊ कॅन्टीन चालवतो. लोक चमचे पळवतात म्हणून तो भोकं पाडून साखळीत अडकवतो. त्यातलाच एक." बोलता बोलता त्यांचा हात अंबाड्याकडे गेला. तिथे पेन्सिल खोचलेली होती.

उस्तादांचा चेहरा उतरला. "बाई, तुम्ही?"

मी पुढे झाले. सापडली, म्हटलं, आता हिची खैर नाही.

५

"थांब!" ताई म्हणाली.

ती माझ्या आणि त्या बाईंच्या मधे येऊन उभी राहिली. "परवा चमचा दिसला आणि मी पुढचं विचारायचं थांबवलं. आज पुन्हा चमचा दिसलाय, तर तू थांबायला निघालीस. मी नाही थांबणार." मग त्या बाईंकडे वळून तिनं तापलेल्या पेशंटशी बोलावं तसं विचारलं, "सोमवारी दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"रजेवर. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं."

"खरंय," उस्ताद म्हणाले. "सोमवारी काउंटर मीच सांभाळला. कसलं डोंबल सांभाळला, दोन गिऱ्हाइकांच्या चाव्या अदलाबदल केल्या."

म्हणजे सोमवारचे फोटो बाईंचे नव्हते. मला माझीच लाज वाटली आणि मी तसं बोलून दाखवलं. बाईंनी मान हलवली, पण डोळे पुसत राहिल्या.

"तुमचा चमचा बुधवारी अकरा वाजता कुठे होता?" ताईनं विचारलं.

"दहाला खाल्लं की धुऊन बाहेरच्या खिडकीत वाळत ठेवते. बुधवारी मात्र तो खिडकीच्या भलत्याच टोकाला होता. मला वाटलं पेंटरनं घेतला असेल."

"मी कशाला घेऊ? मी हातानं खातो," पेंटर म्हणाला.

खिडकी अंगणाकडे उघडणारी. अंगणात येणारा कुणीही चमचा उचलू शकत होता. मी चमच्याचा फोटो पुन्हा उघडला आणि या वेळी पेन्सिलीकडे पाहिलं. मघापर्यंत मला वाटत होतं, ती कुणीतरी डॅशबोर्डवर विसरली असेल. पण चमच्याची सावली चमच्याला चिकटून होती, पेन्सिलीची सावली चांगली बोटभर लांब पडली होती. पेन्सिल ठेवलेली नव्हती, हवेत धरलेली होती. फोटो काढणाऱ्यानं एका हातात फोन धरला होता आणि दुसऱ्या हातानं पेन्सिल चमच्यावर रोखली होती. आता चमचा काय पेन्सिलीनं दाखवायची वस्तू आहे? आंधळ्यालाही तो दिसला असता.

"उस्ताद, गॅरेजमध्ये बाहेरचं कोण येतं ते लिहून ठेवता?"

बाईंनी वही पुढे केली. बुधवारी सकाळी एकच बाहेरचा माणूस आला होता, दहा पन्नासला आत आणि अकरा चाळीसला बाहेर, समोर त्याची सही. सोमवारी दुपारी दोनला उस्तादांच्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात तीच नोंद, खाली तीच सही.

"हा तर कामासाठीच येतो," उस्ताद म्हणाले. "त्यानं येऊन पाहिल्याशिवाय मी दाराला हातही लावू शकत नाही. बुधवारी म्हणाला, आतला पत्रा पुन्हा बघायचाय. मी बाजारात निघालो होतो, म्हटलं बघा निवांत."

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी विमा कंपनीची फाइल पाठवली. मी फोटो एकेक करून पाहिले आणि शेवटच्या तीन फोटोंपाशी पोहोचल्यावर मला मोठ्यानं हसूच फुटलं. ताईला वाटलं माझं डोकं फिरलं.

"उस्ताद, हा माणूस आता कधी येणार?"

"उद्या दहाला. दार पास करायला."

"मग उद्या दहाला आम्हीपण येतो. डॉक्टरीणबाईंना घेऊन. कुणी त्याला चकार शब्द बोलायचा नाही."

६

शनिवारी दहाच्या ठोक्याला विमा कंपनीचे सर्व्हेअरसाहेब आले. इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाइल, खिशाला पेन्सिल. गाडीचं नुकसान बघून फोटो काढायचे आणि कंपनीला कळवायचं, हे त्यांचं काम. माझ्याकडेसुद्धा जळक्या-फाटक्या सीटा बघायला कितीदा आले होते.

"साहेब, एक काम होतं," मी साळसूदपणे म्हटलं. "माझ्या फोनचा कॅमेरा बिघडलाय. मला सीटची ही वाकडी सुई मागवायचीय, दुकानदार फोटो मागतो. तुमच्या फोनवर काढून मला पाठवता?"

"द्या की, त्यात काय!"

मी सुई डॉक्टरीणबाईंच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवली. साहेबांनी उजव्या हातात फोन धरला. डावा हात आपोआप खिशाकडे गेला, पेन्सिल निघाली आणि तिचं टोक सुईच्या शेजारी येऊन थांबलं. फोटो निघाला.

"पाठवला," ते म्हणाले.

ताईनं तिचा फोन त्यांच्यासमोर धरला. उलटा चमचा आणि पेन्सिलीचं टोक. "मलाही बुधवारी तुम्ही एक पाठवलाय. ओळखता का?"

एक क्षण त्यांची पाचावर धारण बसली. मग हसले. "ताई, पेन्सिली काय जगात एकट्या माझ्याकडेच आहेत?"

"नाहीत ना," मी म्हणाले. "पण नजर चुकेल म्हणून प्रत्येक वस्तू पेन्सिलीनं दाखवायची खोड कुणाला असते? पोचा दाखवून दाखवून ज्याचा हात तयार झालाय त्याला. क्लेमच्या फाइलमध्ये दाराच्या पोच्याचे तीन फोटो आहेत आणि तिन्हींत तुमची पेन्सिल आहे. जाहिरातीत ती दिसली नाही, कारण पोचा तुम्ही जाहिरातीत घातलाच नाही. जाहिरातीतले सहाही फोटो मात्र फाइलमधलेच आहेत. समोरून, उजवीकडून, मागून, मग मीटर, इंजिन, सीट. विकणारा माणूस आधी गाडीची चांगली बाजू दाखवतो. हा क्रम नुकसान तपासणाऱ्याचा, म्हणजे तुमचा. मधला डावा तेवढा वगळलात."

"ते फोटो मी कंपनीला दिले होते. तिथून कुणी फोडले असतील तर मी काय करू?"

"अगदी बरोबर," ताई म्हणाली. तिचा आवाज शांत होता, आणि मी तिला ओळखते, तो शांत झाला की समोरच्यानं सांभाळावं. "कंपनीकडे सोमवारचे फोटो होते. चमच्याचा फोटो बुधवारचा आहे, तो कंपनीकडे नाही. बुधवारी अकरा वाजता उस्ताद बाजारात होते, पेंटर फवारत होते. या बाईंना सोमवारी रजा होती. दोन्ही दिवशी दोन्ही वेळी इथे होता असा एकच माणूस आहे. त्याची सही आहे वहीत. वाचून दाखवू?"

साहेबांनी फाटकाकडे पाहिलं. तिथे उस्ताद उभे होते, हातात कालचाच पाना घेऊन. डॉक्टरीणबाई त्यांच्या बाजूला. त्या साहेबांच्या कोपराएवढ्याच, पण दात काढायची पक्कड हातात नसतानाही त्यांची भीती वाटावी अशा.

"वखारवाल्याकडे आणखी दोन बायका येऊन गेल्या," मी म्हटलं. "पोलीस निघालेत. पाच मिनिटांत येतील."

तो भामटा उंबऱ्यावर मटकन बसला. आणखी कुठल्या कुठल्या अपघाताच्या गाड्या त्यानं अशा विकल्या होत्या, ते त्याच्या पिशवीतल्या दुसऱ्या फोनमध्ये पुढे पोलिसांना मिळालं.

ताई त्याच्यासमोर उकिडवी बसली. मला वाटलं आता कानफटात वाजवते. पण तिनं विचारलं, "मला एवढंच सांगा. मी चमचा मागितला तेव्हा काहीतरी थाप मारून टाळता आलं असतं. धोका पत्करून इथे कशाला आलात?"

तो खाली बघूनच बोलला. "टाळलं असतं तर तुम्ही सोडून गेला असता. तुम्ही फार चौकस होतात. चौकस माणसाला एक पुरावा बरोबर दिला की तो पुढचं विचारत नाही."

ताई उठली. "मला हे कळायला हवंच होतं," ती मला म्हणाली. "आता कळलं."

७

पोलीस ठाण्यात भावजी आले. खबर लागली होती. आल्या आल्या खुर्ची ओढून हवालदाराला म्हणाले, "साहेब, हिला व्यवहारातलं काही कळत नाही हो. मी सांगत होतो..."

"तुम्ही बाहेर बाकावर बसा," ताई म्हणाली.

"अगं, पण..."

"बाहेर बसा म्हटलं ना!"

तीस वर्षांच्या संसारात भावजींना हे वाक्य पहिल्यांदा ऐकू आलं असावं. ते उठले आणि खरंच बाहेर जाऊन बसले. मी खिडकीकडे तोंड करून हसून घेतलं.

हवालदारानं तक्रार लिहून वाचून दाखवली. पैसे भामट्याच्या मेहुण्याच्या खात्यात गेले होते, ते खातं गोठवलं होतं. परत किती मिळतील ते कोर्टच ठरवणार. खाली त्यानं लिहिलं होतं, 'सदर महिलेने कोणतीही खातरजमा न करता निष्काळजीपणाने रक्कम पाठवली.'

"हे खोडा," ताई म्हणाली.

"बाई, आम्ही सगळ्यांच्या तक्रारीत असंच लिहितो."

"म्हणूनच सगळे गप्प बसतात. आधी दोन बायका फसल्या, त्या इथे आल्या का? नाही आल्या. का नाही आल्या ते या ओळीत लिहिलंय. मी प्रश्न विचारले, पुरावा मागितला, त्यानं खोटा पुरावा बनवून मला फसवलं. कमी विचारलं असेन, पण निष्काळजी नव्हते. असं लिहा, नाहीतर मी सही करणार नाही. बसते इथेच, मला सव्वीस वर्षं रात्रपाळ्या करायची सवय आहे."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे बघून उपयोग नाही, मी तर तिच्यापेक्षा वाईट आहे." त्यानं सुस्कारा सोडून नवा कागद घेतला. ताईनं तो तीनदा वाचला, मग सही केली.

आम्ही पायऱ्या उतरलो तेव्हा तिचा फोन वाजला. नव्या नोकरीवरच्या मॅडम. भावजीही बाकावरून उठून जवळ आले आणि खुणेनं सांगायला लागले, नको, राहू दे, नाही म्हण. ताईनं फोन कानाला लावला आणि काही न लपवता सांगून टाकलं.

"मॅडम, गाडी नाही. फसवणूक झाली, चोर पकडून दिलाय, पण गाडी नाही. नवी घ्यायला वेळ लागेल, कारण आता मी ती चारही बाजूंनी बघून, स्वतः चालवून, मालकाच्या घरी बसून घेणार आहे. तोवर बसनं येईन. वेळेवर येईन. तुम्हाला चालत नसेल तर आत्ताच सांगा."

पलीकडून मॅडमचा आवाज आला, मलासुद्धा ऐकू जाईल असा. "सोमवारी आठ वाजता. पहिला पेशंट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. जमेल?"

"तिसऱ्या मजल्यावर गाडीनं तरी कुठे जाणार होते मी?" ताई म्हणाली.

तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि भावजींना विचारलं, आठ वाजता पोहोचायचं तर सात वाजताची बस कुठल्या थांब्यावरून सुटते. भावजींना माहीत नव्हतं. मग आम्ही तिघं ते बघायला चालत निघालो.